दोन वेण्यांचं पोरगं

ते पोरगं होतं की पोरगी, यावरून आमच्या घरात एक आख्खा दुष्काळ भांडणं झाली. आणि पोरगं तरी कुणाचं? नात्यातलं नाही, गावातलं नाही, टीव्हीतलं. आज हे सांगायला बसले की लोक हसतात. हसा बापडे. माझी आठवीची शाळा त्या पोरावर अडली होती, तेव्हा मला काही हसू येत नव्हतं.

आमचं गाव भूम तालुक्यातलं. एका बऱ्या पावसाच्या वर्षी गावातल्या दूध संस्थेनं टीव्ही आणला. पुढं पाऊसच गेला. जनावरं सरकारी चारा-छावणीत गेली, संस्थेतले दुधाचे कॅन पालथे पडले, टीव्ही तेवढा राहिला. संध्याकाळी तो ओट्यावर काढून ठेवायचे. वर बांबूला बांधलेला अँटेना, चित्रात मुंग्या, आणि आवाज नाही. आवाज एक दिवस मधेच गेला तो गेलाच. बार्शीचा मेकॅनिक नुसता "येतो, येतो" म्हणायचा.

म्हणून संस्थेचे सेक्रेटरी टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि कोण काय बोलतंय ते आम्हाला सांगायचे. त्यांना तरी कुठं ऐकू येत होतं? पण गडी ठोकून द्यायचा. पडद्यावरच्या माणसानं तोंड हलवलं की सेक्रेटरी म्हणायचे, "ह्यो म्हनतोय, माजी बैलं कुनी सोडली?" शहरातल्या बंगल्यात बैलं कुठून आली, हे कुणी विचारायचं नाही. सगळे माना डोलवायचे.

आठवड्यातून एकदा लहान पोरांचा कार्यक्रम लागायचा. आधी बाहुल्यांचा खेळ. त्यात वाघ, कोल्हा आणि अस्वल, आणि तिघांनाही मिशा. कोल्ह्याला कशाला हो मिशा? मग पोरांची गोष्ट. चार-पाच पोरं, एक म्हातारा, एक कुत्रा, एक पोलीस आणि दर वेळी नवा चोर. बघणाऱ्यांतही बाप्ये आणि पोरंच. बायांपैकी एकटी आत्याबाई. ही आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आत्या, पण तिला सगळं गाव आत्याबाईच म्हणायचं. डोक्यावर घागर घ्यायचं तिचं वय सरलं होतं, म्हणून ती ओट्यावर पुढं बसायची.

एकदा ती भर कार्यक्रमात म्हणाली, "का रं, ह्यांच्या गावात बाया न्हाईत का?"

"असतील की घरात," सेक्रेटरी म्हणाले.

"घर बी दावलं की आत्ता. चूल बी दिसंना, बाई बी दिसंना." थोडा वेळ बघून तिनंच निकाल दिला, "पान्याला गेल्या असतील."

सगळे हसले. मला मात्र ते अगदी पटलं. आमच्याही बाया त्या वेळेला पाण्यालाच असायच्या. टँकर नेमका त्याच सुमाराला देवळापाशी यायचा. माय दिवसभर रोजगार हमीच्या तलावावर खडी फोडून यायची आणि तशीच रांगेला लागायची. माझा धाकटा भाऊ एक छोटी कळशी घेऊन तिच्या मागं. मी रांगेत घागरी लावून ओट्याकडं पळायची, जरा बघायची, पुन्हा रांगेत. त्यामुळं मला कुठलीच गोष्ट सबंध माहीत नाही. चोर दिसला तर सापडताना दिसायचा नाही, आणि सापडला तर त्यानं काय चोरलं होतं तेच कळायचं नाही.

पण त्या टोळीतलं एक पोरगं मी कधी चुकवलं नाही. अर्धी चड्डी, सदरा, आणि दोन वेण्या. सगळ्यांच्या पुढं सायकल मारायचं. झाडावर सरसर चढायचं, तोंडात बोटं घालून शिट्टी मारायचं. शिट्टी ऐकू यायची नाही, पण कुत्रं वळून बघायचं.

आता सायकलीचं सांगते. मी सातवी झाले की गावातली शाळा संपणार होती. हायस्कूल पुढच्या गावाला, चालत जाऊन यायचं तर अर्धा दिवस रस्त्यात. एस.टी. यायची ती शाळेची घंटा होऊन गेल्यावर. गावातली मोठी पोरं सायकलीवर जायची. सायकल आमच्याही घरी होती, आण्णांची, दूध घालायची. म्हैस छावणीत गेल्यापासून ती भिंतीला टेकून उभी. दुपारी आण्णा नसताना दांडीखालून पाय घालून मी ती चालवायला शिकले होते. गुडघे फोडून घेतले, पण शिकले.

मी आण्णांना विचारलं, "मला सायकल द्याल का, हायस्कूलला जायाला?"

आण्णा मारकुटे नव्हते. कधी वाकडं बोलायचे नाहीत. पण गावात कुणी केलं नाही ते आपण पहिल्यांदा करायचं म्हटलं की त्यांचा पाय पुढं पडायचा नाही. ते म्हणाले, "सायकलीवर शाळंत जानारी एक पोरगी दाव मला. एक. मंग बघू."

गावात कुठून दाखवणार? मी म्हटलं, "दावते. संस्थेवर चला."

आण्णा आले. पोरांचा कार्यक्रम लागला. दोन वेण्या उडवत ते पोरगं सायकलीवरून आलं, आणि मी सगळ्यांसमोर उठून उभी राहिले. "ही बगा!"

आण्णांनी नीट बघितलं. मग माझ्या भावाकडं बघितलं. तो त्या दिवशी मायचा पदर सोडून आण्णांच्या मांडीवर बसला होता. "ती पोरगी न्हाय," आण्णा म्हणाले. "नवसाचं पोरगं हाय ते. जावळ काढायचं राह्यलंय."

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांना वेडेपणा वाटेल. पण आमच्या घरात थोरल्या दोघी, त्या आता सासरी, आणि मी, अशा तीन पोरींच्या पाठीवर हा भाऊ झाला, तो सोनारीच्या काळभैरवाच्या नवसानं. देवाला जावळ द्यायचं म्हणून जन्मापासून त्याच्या केसाला कात्री लागली नव्हती. केस असे लांब आणि दाट, की माय रोज तेल लावून त्याच्या दोन वेण्या घालायची. एस.टी.त कंडक्टर त्याला "सरक बाय" म्हणायचा. शाळेत पोरं त्याच्या वेण्या ओढायची. असं नवसाचं पोरगं दर गावात एखाद-दुसरं असायचंच. म्हणून आण्णांनी म्हटल्याबरोबर सगळ्या ओट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"व्हय की! चड्डी बगा की."

"पोरगी कुठं अशी झाडावर चढती व्हय?"

सेक्रेटरींनी तर लगेच त्या पोराच्या तोंडी वाक्य घातलं, "पोरगं म्हनतंय, औंदा माजं जावळ हाय, समद्यांनी जेवाया या."

भाऊ टाळ्या पिटत उठला. "माज्यासारखा हाय! त्यो माज्यासारखा हाय!" इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. वेण्या असून पोरगा, आणि असा सायकल मारणारा, कुणाच्या बापाला न भिणारा. दुसऱ्या दिवशी शाळेत वेणी ओढणाऱ्याला त्यानं चावा घेतला.

आणि मी? माझं डोकंच चालेना. आधी मला पक्कं वाटत होतं की ही पोरगी आहे. आता बघायला गेलं की कधी पोरगी दिसायची, कधी पोरगं. हसली की पोरगी. कुत्र्याला दगड भिरकावला की पोरगा. मी तर गुडघे फोडून घेणारी, आत्याबाईच्या भाषेत उंडगी, मग मला बाहेरच्या माणसानं बघितलं तर मी कोण दिसत असेन? एकदा आरशात केस मागं दाबून बघितलं. काही उलगडा झाला नाही. उगीच भीती वाटली. दर आठवड्याला मी त्या वेण्यांवरच डोळा ठेवून बघायची, आज ह्याचं जावळ काढतात की काय. भाऊ उलटा, कळशी रांगेत ठेवून, आज काढतील म्हणून आशेनं बसायचा. घरी येऊन आम्ही भांडायचो. तो म्हणायचा पोरगा, मी म्हणायची पोरगी. आण्णा म्हणायचे, गप जेवा. मायनं ते पोरगं कधी बघितलंच नव्हतं, ती दोघांनाही भाकरी वाढायची.

शिमग्याच्या आसपास एका संध्याकाळी टँकर आलाच नाही. रस्त्यात कुठं चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणे. बायांनी घागरी देवळापाशी रांगेत ठेवल्या आणि वाट बघून बघून त्या ओट्याकडं आल्या. बसायला जागा नव्हती, कुणी करूनही दिली नाही. मागं उभ्या राहिल्या, डोक्यावर चुंबळी तशाच. पोरांचा कार्यक्रम चालू होता.

मी मायचा हात धरून तिला पुढं ओढली. मला एकदम सुचलं होतं. आण्णांना काय कळतंय वेण्यातलं? सेक्रेटरींना काय कळतंय? नवसाच्या पोराचं डोकं रोज जिच्या हातात असतं तिला कळणार. "माय, नीट बघ. त्ये दोन वेण्यांचं. पोरगं हाय का पोरगी?"

सगळ्या ओट्यानं माना वळवल्या. सेक्रेटरींनीही. आण्णा म्हणाले, "तिला काय इचारतीस?" पण तेही मायकडं बघायला लागले. भाऊ तिच्या पायाला चिकटला.

माय बघत राहिली. चोर पकडला होता. म्हाताऱ्याच्या घरी सगळी पोरं खाटेवर, खुर्चीवर बसलेली. दोन वेण्यांचं पोरगं हातवारे करून सांगत होतं, चोर बहुतेक त्यानंच धरला असावा. तेवढ्यात दारातून पोलीस आला. टोपी काढली, घाम पुसला, खुर्चीवर टेकला. कुणी काही बोललेलं दिसलं नाही. दोन वेण्यांचं पोरगं सांगता सांगता मधेच उठलं, आत गेलं, आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आलं.

"पोरगी हाय," माय म्हणाली.

"कशावरनं?" सेक्रेटरी म्हणाले.

"समदी बसली, ही उठली."

"ह्यॅ," आण्णा म्हणाले, "पोरगं बी उठंल की."

मायनं ओट्यावर बसलेल्या सगळ्या बाप्यांवरून नजर फिरवली. आवाज चढवला नाही. "तुमच्यातलं कोन उठलंय आजवर?"

मागं उभ्या बाया अशा हसल्या की अँटेना हलला म्हणून कुणीतरी ओरडलं. आत्याबाईनं मांडीवर थाप मारली. "मी म्हनलं नव्हतं का? पान्याला गेल्या असतील!" आण्णा खाली बघून तंबाखू मळायला लागले. माझा भाऊ मात्र मोठ्यानं रडत सुटला. "त्याचं जावळ राह्यलंय! जावळ राह्यलंय!" माय त्याला उचलायला गेली तर तिला ढकलून पळाला.

मी जिंकले होते. नाचायला हवं होतं. पण मला काही नीट उमजेना. मला ते पोरगं पोरगी व्हायला हवं होतं सायकलीसाठी. मायनं सायकलीकडं बघितलंसुद्धा नाही. चोर धरलेला, झाड चढलेलं, शिट्टी, सगळं सोडून तिनं तेवढा पेला बघितला. आणि तेवढं बघून सगळ्या बायांना एका दमात पटलं. मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही. मायचा असेल, त्या पोरीचा असेल. तू कशाला उठलीस, बये? बसायचं होतंस की गप. पण ती बसली असती तर मला सायकल मिळाली नसती. रात्री हे असंच डोक्यात फिरत राहिलं आणि मी झोपले.

आण्णांनी शब्द पाळला. "दावलीस ना एक, मंग झालं," एवढंच म्हणाले आणि सायकलीची चेन स्वतः तेलानं पुसली.

चैत्रात सोनारीला जाऊन भावाचं जावळ काढलं. गुळगुळीत डोकं घेऊन तो आला, आणि दुसऱ्या दिवशी माय रांगेला निघाली तेव्हा त्यानं कळशी घेतली नाही. मायनं हाक मारली. तो भिंतीला पाठ लावून उभा. "म्या न्हाय. म्या पोरगी हाय व्हय?"

मायनं त्याची कळशीही आपल्या कमरेवर घेतली आणि गेली.  आपल्याच वाक्यानं आपला एक हात गेला, हे तिला कळलं असणारच. त्या दिवसापासून तो पाण्याला गेला नाही.

टीव्हीचा आवाज पाऊस पडल्यावर आला. तोवर तो कार्यक्रम संपला होता. त्या पोराचं नाव काय, पोरगी की पोरगं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

जूनमध्ये हायस्कूलला पहिल्या दिवशी गेले. येताना वारं तोंडावर. पायडल मारून मारून पायाचे गोळे झाले, तोंडात धूळ. अंगणात सायकल टेकवली आणि ओसरीवर आण्णांच्या शेजारी, बाप्ये बसतात तशी, भिंतीला टेकून बसले. भूमहून कुणी पाहुणे आले होते. आण्णा त्यांना कौतुकानं सांगत होते, "सायकलीवर जाती आमची! पंचक्रोशीत पयली." भाऊ डोक्यावरचे नवे खुरटे केस खाजवत दारात बसला होता. माय अजून तलावावरून आली नव्हती.

पाहुण्यांनी उपरण्यानं मान पुसली. कुणी काही बोललं नाही. मला पुरतं ठाऊक होतं की आता उठायचं नाही. मनात म्हटलं, बस. आज बसायचं. आण्णा आहेत, भाऊ आहे, उठेल कुणीतरी.

कुणी उठलं नाही. पाहुण्यांना कोरडा खोकला आला, आणि मी आत जाऊन रांजणातून तांब्या बुडवत होते. कधी उठले ते मलाच कळलं नाही.

तांब्या घेऊन बाहेर आले तर भाऊ माझ्याकडं बोट दाखवत होता. त्याच्या तोंडावर केवढा आनंद. "आण्णा, बगा, ही बी पोरगीच हाय!"

सगळे हसले. आण्णाही हसले, मीही हसले. का हसले ते मला अजून कळलेलं नाही.