मारुतीच्या माथ्यावरचा पत्रा

देवाच्या कामात देव सांभाळतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण त्या दिवशी मला स्वतःला ते खरंच वाटत होतं का, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. साल एकोणीसशे एकसष्ट. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत एक लहानसा मठ आहे. त्याच्या भजनाच्या खोलीवर आम्ही सिमेंटचे पत्रे घातले होते. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला आणि नेमकं मारुतीच्या डोक्यावर पाणी ठिबकू लागलं. शनिवारचं भजन तोंडावर आलेलं. मी म्हटलं, मजूर कशाला, ही सेवा माझ्याच हातची.

बायकोला तेव्हा सातवा महिना होता. "कचेरीत कागद लिहिणारे तुम्ही, छपरावर चढून काय करणार? कौलं घालणाऱ्या कुणाला तरी बोलवा की!" माझा स्वभाव मुलखाचा हेकट. नको म्हटलं की तेच करायचं. उघडीप बघून शिडी लावली, डांबराचा डबा घेतला आणि चढलो. ती बिचारी शिडी धरून खाली उभी.

पत्रे ज्या वाशांवर टेकतात तिथे वर बोल्टांची ओळ दिसते, त्या ओळीवरूनच चालायचं, एवढं मला ठाऊक होतं. निम्म्यापर्यंत तसा गेलोही. पण पुढे ती ओळ थेट मूर्तीच्या वरून जात होती. देवाच्या माथ्यावर पाय कसा ठेवायचा? शिव शिव! मनात क्षमा मागून मी ओळ सोडली आणि पत्र्याच्या मधोमध पाय टाकला. कडकन आवाज झाला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तुकडे खाली फरशीवर फुटले, बायको किंचाळली. मी उठायला गेलो तर दुसऱ्या पायाखालीही कुरकुर सुरू झाली.

"अय्या, उठू नका! आडवे पडा, हातपाय पसरा!" अंगणातून कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं; आमच्याकडे अय्या म्हणजे साहेब.

मी पाय काढून घेतला आणि पालथा पडलो. वजन पसरलं तशी कुरकुर थांबली. रोज मारुतीपुढे साष्टांग घालायचो, पण मन घरच्या कॉफीकडे असायचं. त्या दिवशी पहिला खरा साष्टांग घडला. मारुतीराया, माझं राहू दे, तिचं बघ, एवढंच तोंडातून निघालं.

ओरडणारा माणूस पन्नाशीचा, कौलं घालणारा कारागीर होता. जवळच्या ओरत्तनाडू गावची बस चुकली म्हणून मठाच्या विहिरीवर पाणी प्यायला आलेला. त्याने मठातल्या दोन लांब फळ्या शिडीवरून वर सरकवल्या, वाशांवर टेकतील अशा टाकल्या आणि मला पोटावर सरकवत शिडीपर्यंत आणलं. खाली आल्यावर मी ओळ का सोडली ते त्याला सांगितलं. तो हसला. "डोंगर उचलणाऱ्याला तुमचा पाय जड झाला असता का, अय्या? आणि ओळ दिसली तरी फळी अन् दोर असल्याशिवाय मीसुद्धा चढत नाही." मग विहिरीचा दोर अंगणातल्या नारळाच्या झाडाला आणि कमरेला बांधून, फळीवर बसून त्याने भोक झाकलं आणि पुढची बस गाठायला निघून गेला. गडबडीत मी त्याचं नावही विचारलं नाही.

त्याची बस कुणी चुकवली, हे ज्याने त्याने समजावं. मी वाद घालत नाही.

 संध्याकाळी पान वाढताना बायको म्हणाली, "मारुतीला दोन दिवस भिजलेलं चाललं असतं. मला तुमच्यावाचून चाललं नसतं." आणि रडायला लागली. मलाही रडू आवरेना. मी ज्याला सेवा म्हणत होतो तो माझा हट्ट होता. देवाला काही वाहायचं तर आधी तो हट्टच वाहायला हवा होता. डोळे मिटून पाय टाकणं म्हणजे शरण जाणं नव्हे. जाणत्याचं ऐकणं, हेही शरण जाणंच आहे.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. रीतीप्रमाणे तिला मारुतीच्या पायाशी ठेवलं. तिला परत उचलून घ्यायला मी होतो.