घड्याळ ज्या कोपऱ्यात जात नाही

माझ्या बायकोचा मामेभाऊ शिरीष याने मला जमीन विकताना फसवलं. कागदपत्रांत फसवलं नाही, मापात फसवलं नाही, भावात तर नाहीच. तरीही फसवलं. कसं, ते वाचा आणि मग ठरवा.

मी देवासला राहतो. जुन्या ट्रॅक्टरचा धंदा आहे. सुरुवात सोनकच्छच्या बस स्टँडसमोर एका टपरीत केली, भंगारातले पार्ट धुऊनपुसून विकायचो. पुढचं सगळं स्वतःच्या जिभेवर कमावलं. भूत, बाधा, जागेचा दोष वगैरे गोष्टींना मी कधी किंमत दिली नाही. बंद पडलेलं इंजिन उघडलं की आत कारण सापडतं. आजवर सापडत आलं आहे... म्हणून या सदरात हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय.

बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. रोज चाला, आणि लोकांवर ओरडणं कमी करा. दुसरी जमण्यासारखी नव्हती, म्हणून पहिली धरली. आमची मुलगी ऋता पुण्याला नोकरी करते. तिने मला स्पोर्ट्स वॉच आणून दिलं. आपण कुठून कुठे चाललो, पावलं किती, नाडी किती, सगळं ते टिपून ठेवतं. पण ही माहिती बघायची तर कंपनीच्या ॲपवर, म्हणजे इंटरनेटवर चढवायची. मी साफ नाही म्हटलं. कुठल्या गावात कोणाचा ट्रॅक्टर बघायला गेलो हे परक्या कंपनीला कशाला कळायला हवं? आज तिला कळेल, उद्या माझ्या समोरच्या दुकानदाराला.

मग ऋताने माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर टाकून दिलं. केबल लावली की घड्याळ पेन ड्राइव्हसारखं उघडतं. त्यातली फाइल कॉपी करायची आणि सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला. इंटरनेटचं नावही नाही.

"केवढ्याचं आहे?" मी विचारलं.

"फुकट, बाबा."

"फुकट कोण देतं? गोम कुठे आहे?"

"गोम नाही हो. लोक हौसेने बनवतात."

मी पुष्कळ दिवस गोम शोधली. सापडली नाही. उलट माझा एक फायदा झाला. एखाद्या जागेला कडेकडेने फेरी मारली की सॉफ्टवेअर आतलं क्षेत्रफळ काढून देतं. कोणाला काही विचारायला नको, टेप धरायला माणूस नको. आपण आपले तब्येतीसाठी चालतोय.

आता जमिनीबद्दल. आम्ही आजवर भाड्याच्या घरात राहिलो. सुलभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर धार. स्वतःचं घर तिथेच बांधायचं असं मी तिला लग्नानंतर लगेच कबूल केलं होतं, आणि ती ते कधी बोलून दाखवत नाही म्हणून मला जास्त बोचायचं. शिरीषची शेती धारहून मांडूकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. त्यातला रस्त्याकडचा तुकडा त्याने विकायला काढला. पश्चिमेला रस्ता, पूर्वेला नाला, दक्षिणेला दुसऱ्याचं शेत. आग्नेयेच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड. झाड नाही, विहीर नाही, समाधी नाही, काही नाही. नुसतं गवत.

व्यवहाराआधी मी घड्याळ घालून कडेने फेरी मारली. क्षेत्रफळ कमी भरलं. मी शिरीषच्या घरी जाऊन लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. "हे बघ, तुझी जमीन कागदावर आहे तेवढी नाही."

त्याने पटवारी बोलावला. साखळी टाकून मोजणी झाली. जमीन अगदी बरोबर निघाली. मी तरी हेका सोडला नाही, माझं घड्याळ आकाशातून मोजतं म्हटलं. शिरीषने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "ठीक है जिजाजी, तेवढी कमी धरा."

बस. ना वाद, ना आढेवेढे. मी खूश होऊन देवासला परतलो. सुलभा मात्र गाडीत म्हणाली, "शिरीष इतक्या पटकन कसा उतरला हो?" मी तिला म्हटलं, समोर कोण बसलं होतं ते बघ.

खरेदी झाली. घराची आखणी करायला गेलो तेव्हा परत फेरी मारली, आणि या वेळी आकड्याऐवजी नकाशावरची रेषा बघितली. रस्त्याची बाजू सरळ, दक्षिणेचा बांध सरळ. आग्नेयेच्या दगडाकडे जाता जाता रेषा अलीकडेच वळली होती आणि तिरकी जाऊन नाल्याच्या बाजूला मिळाली होती. कोपरा सुरीने कापल्यासारखा गायब. आणि मी तर त्या दगडावर पाय ठेवून बुटाचा चिखल खरवडला होता.

त्याच कोपऱ्यात सुलभाचं स्वयंपाकघर यायचं होतं.

फाइल ऋताला पाठवली. तिचा फोन आला. "बाबा, पावलं पूर्ण भरलीयत. दगडापर्यंत जाऊन यायला लागतात तेवढी. पण सॅटेलाइटप्रमाणे तुम्ही तिथे गेलाच नाहीत."

"मग घड्याळ बिघडलंय."

"बाकी तीन कोपरे बरोबर दाखवतंय ना? आणि नाडी बघितलीत का? तिथे इतकी शांत नाडी तुमची झोपेतसुद्धा नसते. काय करत होतात?"

मी आठवलं. मी दगडाजवळ उभा राहून फोनवर विटावाल्याला झाडत होतो. घसा बसेपर्यंत.

दिवाळीला ऋता आली तेव्हा तिचं स्वतःचं, वेगळ्या कंपनीचं घड्याळ घेऊन आली. मी दोन्ही हातांत दोन घड्याळं बांधून चाललो. सुलभा हसून म्हणाली, "घड्याळं विकायला निघालात का?" मग तिलाही चालवलं. तिला दगडावर बसवून ठेवलं, ती सावकाश शेंगा खात बसली. दोन्ही फायलींत ठिपक्यांचा पुंजका त्याच तिरक्या रेषेवर, दगडापासून लांब. रेषेच्या पलीकडे एकही ठिपका नाही. ऋताने ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांना इंग्रजीत लिहिलं. त्यांनी सज्जनपणे फायली तपासल्या आणि कळवलं की फायली स्वच्छ आहेत, त्यांत जे आहे तेच सॉफ्टवेअर दाखवतंय. फुकट काम करणाऱ्याशी भांडताही येत नाही.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा आमच्या जागेवरून नजर उचलून नाल्यापलीकडे शिरीषच्या उरलेल्या शेताकडे बघितलं. सोयाबीन निघालं होतं, जमीन उघडी होती, तास म्हणजे नांगराचे चर स्पष्ट दिसत होते. आणि मला जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. आमच्या तुकड्यातही जुन्या नांगरटीचे तास अजून ओळखू येत होते. सगळे तास त्या कोपऱ्याच्या अलीकडे वळत होते. मी नकाशा हातात धरून चाललो. तास जिथे वळत होते तिथेच घड्याळाची रेषा वळत होती.

ट्रॅक्टर कोपऱ्यात वळताना थोडी जागा सुटते, हे मला कोणी शिकवायला नको. पण इतकी नाही. आणि इकडचा शेतकरी बांधाची बोटभर माती सोडत नाही, जमलं तर शेजाऱ्याची घेतो.

तसाच शिरीषच्या घरी गेलो. तो पोहे खात होता.

"शिरीष, त्या कोपऱ्यात तू कधी नांगर घातलास?"

"बसा तर, जिजाजी. पोहे घ्या."

"नांगर घातलास का?"

"नाही." त्याने पोह्यांवर शेव टाकली. "आमच्याकडे तिथून वळवायचीच पद्धत आहे. आजोबांचे बैलही तिथूनच वळायचे म्हणतात."

"का?"

"कोणी विचारलंच नाही."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच तर लॅपटॉप घेऊन आला होतात, भिया. तेवढी जमीन नाहीये म्हणालात. मी म्हटलं, यांना समजलंय." मग म्हणाला, "मी तिचे पैसे घेतले का तुमच्याकडून?"

घेतले नव्हते. माझ्या धंद्यात समोरचा इतक्या सहज उतरला तर मी मालाखाली वाकून बघतो. तिथे मी बघितलं नाही, आणि हे त्याला माहीत होतं.

मी सुलभाला विचारलं. ती लहानपणी तिथे हरभरा भाजून खायला जायची, सगळी भावंडं दिवसभर त्या शेतात धावायची. तिने बराच वेळ आठवून पाहिलं. म्हणाली, "तिकडे जाऊ नका असं कोणी कधी म्हटलं नाही. पण आम्ही गेल्याचं आठवत नाही. काही वाईटही वाटलं नाही कधी." मग म्हणाली, "अहो, तो कोपरा सोडून पाया घालू या. स्वयंपाकघर लहान चालेल मला."

तिने असं म्हणावं याचाच मला जास्त त्रास झाला. इतकी वर्षं ती लहान स्वयंपाकघरातच आहे.

मागच्या रविवारी मी शिरीषला जागेवर घेऊन गेलो. घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं आणि म्हटलं, चल, कडेने फिरू. तो गप्पा मारत चालला. सोयाबीनचा भाव, मुलाची परीक्षा. दक्षिणेच्या बांधाने निम्म्याहून पुढे गेल्यावर तो बोलता बोलता डावीकडे वळला. थांबला नाही, बिचकला नाही, खालीही बघितलं नाही. सवयीने वळावं तसा वळला आणि तिरका नाल्याकडे निघाला. मी दगडापाशी जाऊन हाक मारली, "इकडे ये."

तो लांबूनच म्हणाला, "तुम्ही या ना इकडे, जिजाजी. तिथे काय आहे?"

"तेच विचारतोय. ये आणि बघ."

तो आला नाही. घाबरलेला दिसत नव्हता. उन्हात डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि मी येईपर्यंत तसाच राहिला.

देवासला येऊन मी त्याची फेरी आणि माझी जुनी फेरी सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून बघितली. त्याची लाल, माझी निळी. तो रेषेवरून वळला होता, मी दगडापर्यंत गेलो होतो. पडद्यावर दोन्ही फेऱ्या एकच. लालच्या खाली निळी दिसतसुद्धा नाही.

पायाचं काम थांबलेलं आहे. गवंडी दुसरीकडे गेला. विटा रस्त्याकडेला रचून ठेवल्या आहेत. मी अजून दर आठवड्याला त्या दगडाजवळ जाऊन उभा राहतो आणि खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटतं, याचाही मला राग आहे. कारण काय, ते मला माहीत नाही. ऋताला नाही, सॉफ्टवेअरवाल्यांना नाही, पटवाऱ्याला नाही.

शिरीष हे सदर वाचतो, सुलभाच त्याला पाठवते. म्हणून त्याला इथेच सांगतो. भाव आणखी कमी कर असं मी म्हणत नाही. जमीन परत घे असंही म्हणत नाही. तुझ्या घरात विचारायला अजून वडीलधारी माणसं आहेत, त्यांना विचार. मग ये, त्या दगडाजवळ माझ्या शेजारी उभा राहा आणि तुझ्या बहिणीला तोंडाने सांग की तिची चूल तिथे मांडायची की नाही.

पोहे खाता खाता नाही. उभं राहून सांग.