नागपंचमीला अजगराचं ऑपरेशन

रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, ब्रिज खेळतात. आमच्या ह्यांनी अजगर पाळला. इथे इंग्लंडात, वॉटफर्डच्या घरात, लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या खोलीत, काचेच्या पेटीत. चांगलं आठ फुटांचं धूड! मी त्याला महाराज म्हणायची आणि खोलीच्या उंबऱ्यापलीकडे जायची नाही.

"अगं, बिनविषारी आहे तो," हे म्हणायचे.

"असू दे. मला काय सोयरीक करायचीय त्याच्याशी?"

हे सर्जन. उभा जन्म इथल्या हॉस्पिटलात गेला. ऑपरेशन करून बाहेर आले की पेशंटचे नातेवाईक ताडकन उभे राहायचे, त्याचं ह्यांना भारी नवल. घरी येऊन म्हणायचे, "एवढ्या खुर्च्या ठेवल्यात, बसत का नाहीत ही माणसं?"

यंदा आषाढात महाराजांच्या जबड्याखाली गाठ आली. खाणं सुटलं. आणि नेमकं नागपंचमीच्या सकाळी महाराज आ वासून श्वास घ्यायला लागले. त्या दिवशी मी घरात सुरीला हात लावत नाही, तवा ठेवत नाही. पुरणाची दिंडं उकडत होती, तो गॅस बंद केला आणि जनावरांच्या दवाखान्यात निघालो. महाराज उशीच्या अभ्र्यात, अभ्रा डब्यात, शेजारी गरम पाण्याची पिशवी. अभ्रा माझ्या चांगल्या सेटमधला! पण ह्यांचं तोंड बघून मी काही बोलले नाही. बोलले, पण गाडीत बसल्यावर.

व्हेट आमच्या लेकीच्या वयाची. तिने गाठ चाचपली. आत पू घट्ट झालाय, श्वासाची वाट दाबतोय, आत्ताच कापून काढलं नाही तर वाचणार नाही, म्हणाली.

देवा रे! आजच्या दिवशी, नागाच्या जातीवर सुरी! हे तर चष्माच पुसत बसले. शेवटी मीच म्हटलं, "कापा."

भूल चढेपर्यंत अंग धरायला एक माणूस हवं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांची पोटं उघडणाऱ्या माणसाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला नाही गं जमणार," म्हणाले आणि बाहेर गेले.

मग काय, बाह्या सारून मीच धरलं. मला वाटलेलं, गिळगिळीत असेल. छे! कोरडं, मऊ, थोडं गार अंग. महाराजांनी माझ्या हाताला विळखा घातला आणि घट्ट धरून ठेवलं. घाबरलं होतं हो बिचारं. इंजेक्शन दिलं. हळूहळू विळखा सैल झाला आणि सुटला, तसा मी तोच हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"महाराज, असं नका ना करू," मी मराठीतच म्हणाले. व्हेटला काय कळायचं ते कळलं असेल.

तिने कापलं. मी भिंतीकडे बघत राहिले, पण त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही. टाके घालून झाल्यावर म्हणाली, आता जीभ बाहेर आली म्हणजे जिंकलो. बराच वेळ काहीच नाही. मी मनात देवाची माफीही मागून घेतली. आणि मग ती जीभ आली, लवलव करत. मला रडूच फुटलं. एका अजगरासाठी, मला!

डोळे पुसून बाहेर आले. वेटिंग रूममध्ये एक बाई मांजराची टोपली घेऊन बसली होती, बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. हे दाराशी उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत.

"बसा आता," मी म्हटलं. "जीभ काढून दाखवली मला."