सोजरबाईंची किडनी

नेरडीगोंड्याच्या बाजारात वांगी-टमाटे विकणाऱ्या आमच्या सोजरबाई तोंडानं फटकळ, पण मनानं मोठ्या. सून रंजीताच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, माहेरचं कुणी जुळेना, नवरा प्रवीणही जुळेना. तेव्हा बाईंनी हैदराबादेत जाऊन स्वतःची एक काढून दिली. सासूनं सुनेला किडनी द्यावी म्हणून गावानं तोंडात बोटं घातली. बाई म्हणाल्या, "मंग काय? दोन दोन ठेवून लोणचं घालू का?"

ऑपरेशन झकास झालं. रंजीता घरी आली आणि बाईंना चेव चढला. आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला कडुलिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा पाजतातच. अंगात ताकद येते, रोगराई फिरकत नाही. बाई रोज पहाटे काढा उकळायच्या आणि सुनेसमोर उभ्या राहून पेला रिकामा करून घ्यायच्या. तिनं तोंड वाकडं केलं की शिव्या ठरलेल्या.

महिन्याभरात रंजीताचे पाय सुजले, लघवी आटली. शेजारी म्हणून मीच गाडी काढून सगळ्यांना हैदराबादेला नेलं. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीरानं ती परकी म्हणून ओळखली होती आणि तिच्यावर हल्ला चढवला होता. ऑपरेशननंतर दिलेली गोळी तर एकही चुकली नव्हती. मग आणखी काय दिलं, डॉक्टर विचारू लागले. रंजीता मान खाली घालून बसली. सासूचं नाव ती कशी घेणार?

"काढा मी पाजला," सोजरबाई म्हणाल्या. "रोज. तिले काही बोलू नका, मीच जबरदस्ती केली."

डॉक्टर रागावले नाहीत. परक्या अवयवावर तुटून पडणारी ताकद या गोळ्या मुद्दाम दाबून ठेवतात, काढा तिलाच डिवचू शकतो, असं त्यांनी समजावलं. एकट्या काढ्यानंच झालं असं म्हणता येणार नाही, पण तो आजपासून बंद. शिरेतून जबर औषध सुरू झालं. किडनी वाचेलच, असं मात्र कुणी म्हणेना. व्हरांड्यात बाई मला म्हणाल्या, "देल्ली बी मीच, अन् मारली बी मीच, भाऊ."

औषधानं हळूहळू जोर धरला. एका सकाळी नर्स लघवीची भरलेली पिशवी घेऊन निघाली, तर बाईंनी तिला दारातच अडवलं आणि त्या पिशवीला चक्क हात जोडले. सगळा वॉर्ड हसला. रंजीता हसता हसता रडू लागली. रिपोर्टही सुधारत गेले. घरी निघताना डॉक्टर म्हणाले, तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून आम्हाला वेळ मिळाला.

आता रंजीता दुकानावर बसते, गिऱ्हाइकाशी सासूसारखीच भांडते. परवा बाईंच्या नणंदेनं, गयाबाईनं, शक्तीचं चूर्ण आणलं. बाई कडाडल्या, "माह्या सुनेची ताकद वाढवाची नाही! माही किडनी हाय तिच्या पोटात. तिले तिथं सुखानं नांदू द्या."