मत गावचं, खोकला मामाच्या गावचा

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सावली होती. खुर्च्याही होत्या. माझी खुर्ची मात्र अंगणात, उन्हात काढून ठेवली होती. बाबा तिच्या बाजूला उभे होते. त्यांना खुर्ची नव्हतीच.

सरपंच बाई आत बसल्या होत्या. बोलत होते त्यांचे यजमान. आमच्या गावात सरपंच म्हणजे तेच. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. माझे बाबा मालक म्हणतात, कारण बाबा त्यांच्या शेतात राबतात.

भाऊंनी दुपट्टा नाकावर धरला होता. मी बरीच लांब होते, तरी धरला होता.

"तू बीए झालेली आहेस, तुले समजते," ते म्हणाले. "आपलं गाव टीबीमुक्त होऊन राहिलं. जिल्ह्यावर सत्कार आहे. अन् बरोबर आताच तुले खोकला सुचला काय?"

ओसरीवरचे लोक हसले.

गावात एक्स-रेची गाडी आली होती. त्यात माझ्या छातीवर डाग दिसला. थुंकी तपासली, टीबी निघाला. साधा टीबी. नेहमीच्या गोळ्या लागू होतील, असं त्या तपासणीत स्पष्ट आलं होतं. आशाताई घरी येऊन गोळ्या देऊन गेली होती. हे सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडवलं ते त्या दुपारी.

"दोन-चार महिने मामाकडं जाय," भाऊ म्हणाले. "तपासणीचं पथक येऊन गेलं का ये वापस."

"आणि औषध?" मी विचारलं.

"औषध तिकडंबी सरकारचंच आहे ना. का तुह्या मामाच्या गावात सरकार नाही?"

पुन्हा हसले.

मग ते बाबांकडे वळले. "तुमच्याच मोहल्ल्यात कसा निघते रे हा रोग?"

बाबा म्हणाले, "हो मालक."

प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण बाबांना भाऊंच्या कुठल्याही प्रश्नाचं हेच उत्तर येतं.

आमचा मोहल्ला बौद्धांचा. गावाच्या टोकाला, विहाराच्या मागे. हा रोग जात बघत नाही. कोंदट घर बघतो, अर्धं पोट बघतो. आमची घरं कोंदट का आणि पोटं अर्धी का, हे भाऊंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मजुरी तेच ठरवतात.

आणखी एक गोष्ट त्या ओसरीवर सगळ्यांना माहीत होती. भाऊंच्या धाकट्या भावाला हाच आजार झाला होता. नागपूरच्या खासगी दवाखान्यात उपचार झाले. गावात सांगितलं, छातीत पाणी झालं. त्यांना कोणी मामाकडे पाठवलं नाही. लोक फळं घेऊन भेटायला गेले. माझे बाबा पपई घेऊन गेले होते.

मी हे तेव्हा बोलले नाही. उन्हात बसून ऐकून घेतलं. उठले तेव्हा शिपायानं माझ्यासमोर त्या खुर्चीवर बादलीभर पाणी ओतलं.

मामाचं गाव पवनीकडे. मामा हमाली करतो. एक खोली, पुढे पडवी. मी जाताना माझं ताट आणि पेला पिशवीत घालून नेला होता. मामीनं पिशवी उघडली, ताट बाहेर काढलं आणि त्यात कोंबड्यांना दाणे टाकले.

"मामी, माझं ताट वेगळं ठेव," मी म्हटलं.

"वेगळं ठेवाले माह्या घरी मांडणी कुठं आहे माय? एका फळीवर सारं आहे. तुले पाहिजे तं कोंबड्यांसोबत जेव."

माझी मामी अशी. तिनं ताट वेगळं केलं नाही. ताटानं हा रोग पसरत नाही, हवेनं पसरतो, हे मला एक्स-रेच्या शिबिरात सांगितलं होतं. हवा वेगळी करायला त्या घरात खिडकीच नव्हती. मी पडवीत झोपायचे. पाऊस आला की मामी हात धरून आत ओढायची.

सोबत नेलेल्या गोळ्या संपल्या. मी तिथल्या उपकेंद्रात गेले. ते म्हणाले, तुमचं नाव इकडे नाही, तुमच्या गावाला फोन करा. मी आशाताईला फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, मले सांगितलं का तू गाव सोडून गेली. तुह्या नावाच्या गोळ्या मले आता देत नाही. भाऊले विचार."

मी भाऊंना फोनवर विचारलं. ते म्हणाले, बघतो.

मी पुन्हा उपकेंद्रात गेले. कधी नाव आलं नव्हतं. नाव आलं तेव्हा गोळ्या आल्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात या, असं सांगायचे. पुढच्या आठवड्यात थोड्या मिळायच्या, मग पुन्हा खंड. इकडे खोकला कमी झाला होता, वजनही थोडं भरलं होतं. मामा म्हणाला, बरी झाली वाटते पोरगी. मलाही तसंच वाटायला लागलं.

मग निवडणूक आली. मतदानाच्या सकाळी भाऊंची गाडी मामाच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हरनं चारही काचा खाली केल्या, मला मागे बसवलं. गावात नेलं. रांगेत भाऊंच्या माणसानं मला सर्वांच्या पुढे घातलं, म्हणजे लवकर आटपावं. बोटाला शाई लागली आणि तशीच मला गाडीत बसवलं. घर तिथून दिसत होतं. आई दारात उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊनं सांगतलं, उतरू द्याचं नाही."

त्यानंतर काही दिवसांनी खोकताना रक्त पडलं.

मामानं भंडाऱ्याला नेलं. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी जुना अहवाल आणि नवा अहवाल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग म्हणाल्या, नेहमीच्या गोळ्या आता तुमच्यावर चालणार नाहीत. औषध अर्धवट मिळालं की जंतू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात.

"औषध सोडलं का होतं?" त्यांनी विचारलं.

मी सोडलं नव्हतं. मला सोडायला लावलं होतं. फरक सांगायला खूप वेळ लागला असता. तरी मी सांगितला. त्यांनी ऐकून घेतला.

नवीन गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांनी तळपायांना मुंग्या येतात, जेवण समोर आलं की मळमळतं. ते मी सहन केलं असतं. पण घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि मामीच्या थुंकीत टीबी निघाला. साधा नाही. माझ्यासारखाच, औषधाला न जुमानणारा.

मामीनं आयुष्यात टीबीची एकही गोळी चुकवली नव्हती. तिला कधी टीबी झालाच नव्हता. तिला पहिल्याच दिवसापासून हा निर्ढावलेला रोग मिळाला. माझ्याकडून. एका गावाला स्वच्छ दिसायचं होतं म्हणून मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं, आणि रोग माझ्यासोबत बसनं गेला. रोग कमी झाला नाही. त्याची जागा बदलली आणि तो जास्त वाईट झाला.

मामी म्हणाली, "आता तं ताट वेगळं कराची गरजच नाही राहिली." आणि हसली. हसताना तिला खोकला आला. मी पडवीत जाऊन बसले. रडले नाही. मला राग आला होता. पहिल्यांदा पूर्ण, स्वच्छ राग.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. "परवा पथक येऊन राहिलं. मालक म्हणते, त्या दिवशी पोरीले गावात येऊ देऊ नको."

"मी येऊन राहिली, बाबा."

"काहून अशी करतं बाई? पुढच्या धानाच्या रोवणीले मले कोण बोलावन?"

मी फोन ठेवला. बाबांची भीती खोटी नव्हती. पण ती भीती पोसायला मामीची छाती लागणार असेल, तर मला ती मान्य नव्हती.

पथक शाळेच्या मैदानात बसलं होतं. मांडव होता, हार होते. मी तोंडाला मास्क लावून मांडवाबाहेर, मोकळ्या हवेत उभी राहिले. पथकातल्या डॉक्टरांनी विचारलं, "गावात कोणाला खोकला? कोणाचे उपचार चालू?"

भाऊ म्हणाले, "कोणीच नाही साहेब. आपलं गाव एकदम स्वच्छ."

"मी आहे," मी म्हणाले.

सगळे वळले. भाऊ हसत उठले. "साहेब, ते इथली नाही. मामाकडं राहते, पवनीकडं."

"मतदानाले तुमची गाडी आली होती ना भाऊ मले घ्याले?" मी म्हणाले. "मत या गावचं अन् खोकला मामाच्या गावचा?"

कोणी हसलं नाही. मागे उभ्या असलेल्या बायकांमधून कोणीतरी म्हणालं, "बरोबर बोलली पोरगी." कोण बोललं ते कळलं नाही. ती पुढे आली नाही.

डॉक्टरांनी सरपंच बाईंना विचारलं, "ही तुमच्या गावची आहे का?" बाईंनी भाऊंकडे पाहिलं. लोक म्हणतात, त्या बिचाऱ्या काय करणार. मला त्यांची कीव येत नाही. गावात रुग्ण नाही, असं लिहून दिलं त्याखाली सही त्यांची होती.

मी दोन्ही अहवाल डॉक्टरांना दिले. मी कधी आजारी पडले, कोणी कुठे पाठवलं, गोळ्या कशा थांबल्या, मामीला काय झालं, सगळं क्रमानं सांगितलं. आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. भाऊंनी मात्र दिली. जातीवरून दिली, पथकासमोर दिली. एका साहेबांनी घड्याळ बघितलं.

गावाला सत्कार मिळाला नाही. भाऊ अजून भाऊच आहेत. बाबांना त्यांनी कामावरून काढलं. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. किराणा दुकानात एक म्हातारा मला ऐकू जाईल असं म्हणाला, "एका पोरीनं गावाची इज्जत घालवली." मी त्याला विचारलं, "आजोबा, गावाची इज्जत माह्या छातीत कोणी ठेवली होती?" त्यानं तोंड फिरवलं.

मी आता माझ्याच घरी राहते. मामीचे उपचार तिकडे चालू आहेत, ती कधी बरी होईल हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. माझ्या गोळ्या याच गावात येतात. एक दिवस उशीर झाला की मी भंडाऱ्याला फोन करते, आणि गोळ्या येईपर्यंत करत राहते.

या गावात खोकणारी मी एकटी नाही. रात्री भिंतीपलीकडून ऐकू येतं. भाऊंच्या राइस मिलमध्ये कोंडा उपसणारे खोकतात. विटा थापणारी एक बाई पदराआड खोकते. माझं काय झालं ते त्यांनी पाहिलंय, म्हणून तोंड दाबून खोकतात. त्यांना मामाकडे जायचं नाही.

मी त्यांच्या दारात जाते. थुंकीची डबी हातात देते, सोबत बसते, तपासायला घेऊन जाते. काही जण दार लावून घेतात. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. दोघांचा टीबी निघाला आहे. दोघंही गावातच आहेत आणि गावातच राहतील. त्यांना हलवायला कोणी आलं, तर मी आडवी येईन.

ज्या गावाला माझा एकटीचा आकडा नको होता, त्या गावाचा आकडा मी वाढवणार आहे. शेवटचा खोकणारा सापडेपर्यंत वाढवणार आहे.