पत्रकातून खोडलेलं केळं

त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो आणि लोकांच्या खाण्याचा मला भयंकर संताप येई. लोणावळ्याच्या आमच्या मंडळानं ‘विरुद्ध आहार टाळा’ असं पत्रक काढलं होतं. मजकूर मीच एका वैद्याच्या टिपणावरून लिहिला: दुधाबरोबर मासे नकोत, फणस नको, मीठ नको. टिपणात केळंही होतं. ते मी खोडलं. आमच्या घरी सणाला शिकरण होते. ते कसलं अपथ्य!

भाताची आवणी संपली की लोहगडाखालच्या गावात शेतमालक रोपं लावणाऱ्या सगळ्यांना जेवू घालतो. माशांचं कालवण, भात आणि शेवटी दूधभात. त्या शेवटच्या दुधावरच माझा रोख होता. सगळ्यांकडून ते सोडण्याची शपथ घ्यायचीच, असं ठरवून मी चिखल तुडवत गेलो.

पंगतीत उभं राहून मी पत्रक वाचलं. “हे अन्न नव्हे, विष आहे विष!”

“मंग आपुन कवाच मेलो म्हनायचं!” एक बाई म्हणाली.

“मेल्यालं दिसत न्हाईत,” मालक आबा म्हणाले. “तिसऱ्यांदा भात मागत्यात.”

त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणत. तिनं विचारलं, “भाऊ, तुमी काय खानार?”

“मासे मी खात नाही. दूध-केळी चालतील.”

तिनं पितळी भरून दूध आणि घरची केळी दिली. मी चार केळी कुस्करली, वर आणखी दूध मागून घेतलं आणि भाषणाला पुन्हा उभा राहिलो. “हात वर करा” इथपर्यंत आलो, तोच पोटात असा पीळ पडला की पत्रकं टाकून करवंदीच्या जाळीमागं धावलो. एकदा नाही, तीनदा.

परतलो तेव्हा मासे-दूध खाल्लेली मंडळी खुशाल पान चघळत बसली होती. मावशीनं ओवा आणि गरम पाणी दिलं.

“केळं न्हाई व्हय तुमच्या कागदात?”

खोटं बोलणं मला जमत नाही. “होतं. मी खोडलं.”

“का वं?”

“आवडतं.”

आबांना हसता हसता ठसका लागला. “मंग आमचं दूध पन खोडा की!”

मावशी मात्र हसली नाही. “असं करू. तुमी शिकरण सोडा, आमी माशावरलं दूध सोडतो. आत्ता, समद्यांम्होरं.”

ज्या शपथेसाठी आलो ती समोर होती. मला आईची वेलदोडा घातलेली शिकरण आठवली, सोबतची गरम पोळीही.

“पुढल्या आवणीला सांगतो,” मी म्हणालो.

उरलेल्या पत्रकांवर तिथंच ओट्यावर बसून मी हातानं ‘केळं’ लिहिलं, सगळ्यात वर. माशांवर दूध वाईटच, हे मी आजही ठासून सांगतो. पण दर आवणीला मावशी पितळी पुढं करून विचारते, “ठरलं का, भाऊ?”

अजून ठरलेलं नाही.