बर्फ फॅक्टरीतल्या चाची

"माझ्या तोंडाकडे काय बघतंस? पायपाकडे बघ!"

मालवणच्या जेटीजवळ बर्फाची जुनी फॅक्टरी चालवणाऱ्या चाचींनी पहिल्याच भेटीत मला झापलं. जुन्या यंत्रांची तपासणी हे माझं काम. तुम्हीही पाहिलं असेल, तपासायला आलेला माणूस आधी मालकाचा चेहरा वाचतो आणि मग दोष किती मोठा करून सांगायचा ते ठरवतो. चाचींना हे पक्कं ठाऊक होतं.

नवरा गेल्यावर फॅक्टरी त्यांनीच सांभाळली. डोक्यावर ओढणी, पायात नवऱ्याचे मोठाले गमबूट. मी जाडी मोजायचं मशीन पाइपला लावलं की छत्री घेऊन शेजारी उभ्या राहत. "मशीनीक ऊन लागता," म्हणत. मला लागतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा ऐन हंगामात त्यांचा फोन आला. बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूच्या पाइपवरच्या आवरणाखालून तांबूस पाणी ठिबकत होतं. वरून सगळं ठीक दिसत होतं. आत बघायचं तर आवरण फाडावं लागणार होतं. मी घुटमळलो. ती लाइन त्यांच्या नवऱ्याने स्वतः उभं राहून घालून घेतलेली.

चाचींनीच सुरी आणली आणि आवरण उभं चिरलं. ओला थर्माकोल बाजूला केला, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. मी जाडी मोजली. पुन्हा मोजली.

"माका खरा सांग. हंगाम काढतलो हो पायप?"

"नाही चाची. आजच बंद करा."

त्या खुर्चीत बसल्या. मग उठून ऑपरेटरला म्हणाल्या, "बंद कर रे."

संध्याकाळी बांगडा भरून होड्या लागल्या. एका होडीचा तांडेल तणतणत आत आला. "चाची, आता बंद? आमचे मासे कुसतले!"

"बांगडो परत गावतलो," चाची म्हणाल्या. "अमोनिया सुटलो, तर जेटीवरची माणसां खंय धावतली? तुझी बायल थंयच मासे विकता मां?"

तांडेलाने वळून जेटीकडे पाहिलं. चाची तोवर फोनवर वेंगुर्ल्याच्या बर्फ फॅक्टरीवाल्याशी घासाघीस करायला लागल्या होत्या. अंधार पडल्यावर बर्फाचा टेम्पो आला. पहिली लादी उतरवायला तोच तांडेल पुढे झाला. लाइन नवी होईपर्यंत बर्फ असाच वेंगुर्ल्याहून येत राहिला.

जुना पाइप कापून काढला तेव्हा चाचींनी त्यावर हात फिरवला. "हेंनी घातलेलो. बरो चल्लो इतकी वर्सां," एवढंच म्हणाल्या, आणि भंगारवाल्याला हाक मारली.

परवा नेहमीच्या तपासणीला गेलो, तर चाचींची खुर्ची रिकामी. मी ऑपरेटरला विचारायला वळलो. एवढ्यात माझाच फोन वाजला.

"झिला, तू खंय आसंस? मी वेंगुर्ल्याक इलंय. त्या येळेक बर्फ देणाऱ्याची लाइन आमच्या आदल्या लाइनीएवढीच जुनी आसा. आवरण फाडूक देय नाय होतो."

"मग आता काय म्हणतात?"

"आता काय म्हणतलो? मी फाडून ठेवलंय. तू मशीन घेऊन ये."

मागून कोणीतरी वैतागून बोलत होतं. चाची त्यालाच सांगत होत्या, "छत्री आण रे एक. मशीनवालो येता."